कोंडो साखळीत चुंबकीय क्रम: गाईड बरोबर की पेपर?

वाचणाऱ्या बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी तुम्ही एकमितीय कोंडो लॅटिस मॉडेल डीएमआरजीने, म्हणजे साखळीची किमान ऊर्जेची अवस्था टप्प्याटप्प्याने शोधणाऱ्या संगणकी पद्धतीने, सोडवलंत. मोकळ्या टोकांची ४० साइटची साखळी, प्रत्येक साइटवर जागेवरून न हलणारा एक अर्धा स्पिन, आणि या सगळ्यांमधून फिरणारे २० इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉन आणि स्थानबद्ध स्पिन यांच्यातली कोंडो जोड जे अँटीफेरोमॅग्नेटिक चिन्हाची, म्हणजे दोघांना विरुद्ध दिशांना ठेवू पाहणारी, आणि हॉपिंग टीच्या, म्हणजे शेजारच्या साइटवर उडी मारण्याच्या परिमाणाच्या, तिप्पट. एकूण एस-झेड (स्पिनाचा झेड दिशेचा घटक) शून्य ठेवून गणित चालवलंत, तर स्थानबद्ध स्पिन एकाआड एक वर-खाली दिसतात. गाईड म्हणतात की एका मितीत चुंबकीय क्रम शक्यच नाही, मर्मिन-वॅग्नर वाच. पेपर म्हणतात की याच भागात फेरोमॅग्नेटिझम आहे, म्हणजे स्पिन समांतर रांगेत येतात. आणि स्क्रीनवर दिसतंय अँटीफेरोमॅग्नेटिक चित्र. यातलं खरं काय मानायचं, हा तुमचा प्रश्न.

गाईड आणि पेपर दोघंही बरोबर आहेत, कारण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत. तुमचं चित्र मात्र ग्राउंड स्टेटचं, म्हणजे किमान ऊर्जेच्या अवस्थेचं, नाही. कोडमध्ये चूक आहे असं मी म्हणत नाही. या मॉडेलचा स्वभावच असा आहे की डीएमआरजी इथे सहज अडकतं. ते का, हे कळलं तर प्रोजेक्टचं निम्मं भौतिकशास्त्र कळलं म्हणून समजा. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी गाईडांचा मुद्दा. मर्मिन आणि वॅग्नर यांनी १९६६ साली दाखवलं की एका किंवा दोन मितींत, सर्व दिशांना सारख्या असलेल्या हायझेनबर्ग मॉडेलमध्ये, शून्यापेक्षा जास्त कुठल्याही तापमानाला फेरोमॅग्नेटिक किंवा अँटीफेरोमॅग्नेटिक क्रम टिकत नाही. सिद्धता कमी पल्ल्याच्या जोडीसाठी होती. तुमच्या मॉडेलमध्ये स्पिन एकमेकांशी इलेक्ट्रॉनांमार्फत बोलतात आणि ती जोड लांबवर पोचते, म्हणून इथे प्रमेय लागू पडतं का ही शंका रास्त आहे. पण तीही मिटली आहे: लॉस, पेद्रोक्की आणि लेगेट यांनी २०११ मध्ये फिरत्या इलेक्ट्रॉनांशी जोडलेल्या स्थानबद्ध स्पिनांसाठी हाच निष्कर्ष सिद्ध केला, इलेक्ट्रॉन आपापसांत ढकलाढकली करत असले तरीही. म्हणजे तापमान शून्याच्या वर असेल तर गाईडांचं म्हणणं पक्कं.

पण तुम्ही डीएमआरजीने ग्राउंड स्टेट काढताय, म्हणजे तापमान शून्य. तिथे औष्णिक चढउतार नसतात, फक्त क्वांटम चढउतार असतात. मग विचारायचं ते एवढंच: ज्या राशीने आपण क्रम मोजतो ती हॅमिल्टोनियनशी (ऊर्जेच्या ऑपरेटरशी) कम्यूट करते का, म्हणजे जतन होते का? फेरोमॅग्नेटमध्ये ती राशी म्हणजे एकूण स्पिन, आणि तो तर जतनच होतो. सगळे स्पिन एका दिशेला असलेल्या अवस्थेला क्वांटम चढउतार हात लावू शकत नाहीत. म्हणून शून्य तापमानाला एका मितीतही खराखुरा फेरोमॅग्नेटिक क्रम असू शकतो. अँटीफेरोमॅग्नेटची एकाआड एक मोजलेली चुंबकता मात्र जतन होत नाही. बेथेने १९३१ साली सोडवलेली अर्ध्या स्पिनची हायझेनबर्ग साखळी याचं मूळ उदाहरण. तिच्यात शून्य तापमानालाही सहसंबंध साधारण अंतराच्या व्यस्त प्रमाणात विरत जातात, कायमचा क्रम बसत नाही. सर्पिल क्रमाचीही, म्हणजे स्पिनाची दिशा साइटगणिक थोडी वळत जाणाऱ्या रचनेचीही, तीच गत. पेपर ज्याबद्दल बोलतात तो शून्य तापमानाचा फेरोमॅग्नेटिझम आहे, आणि त्याला मर्मिन-वॅग्नरची आडकाठी नाही.

इथे एक अडसर अजून आहे आणि चांगले विद्यार्थी तो हमखास विचारतात. लीब आणि मॅटिस यांनी १९६२ मध्ये दाखवलं की एका मितीत, स्पिनवर अवलंबून नसलेल्या परस्परक्रियेने बांधलेल्या इलेक्ट्रॉनांची ग्राउंड स्टेट फेरोमॅग्नेटिक नसते. मग कोंडो साखळीत फेरोमॅग्नेटिझम येतो कुठून? कारण हे प्रमेय इथे लागूच होत नाही. स्थानबद्ध स्पिन जागचे हलत नाहीत आणि कोंडो जोड स्वतःच स्पिनवर अवलंबून आहे. प्रमेयाची गृहीतकं पहिल्याच पायरीला मोडतात.

आता खरी यंत्रणा. जे खूप मोठा आहे असं समजा. प्रत्येक इलेक्ट्रॉन ज्या साइटवर असतो तिथल्या स्पिनशी सिंगलेट, म्हणजे एकूण स्पिन शून्य असलेली जोडी, बांधतो. त्याची ऊर्जा उणे तीन-चतुर्थांश जे, ट्रिप्लेटची (एकूण स्पिन एक असलेल्या जोडीची) अधिक एक-चतुर्थांश जे, मधलं अंतर जे. ही सिंगलेट चुंबकीयदृष्ट्या मुकी असतात. उरतात त्या इलेक्ट्रॉन नसलेल्या साइटवरचे एकटे स्पिन. तुमच्या साखळीत २० इलेक्ट्रॉन २० स्पिनांना गप्प करतात आणि २० स्पिन मोकळे राहतात. प्रश्न फक्त या मोकळ्यांचा आहे.

तीन साइट आणि एक इलेक्ट्रॉन एवढं लहान उदाहरण कागदावर करून बघा. इलेक्ट्रॉन मधल्या साइटवर सिंगलेटमध्ये आहे, पहिल्या साइटवरचा मोकळा स्पिन वर, तिसऱ्यावरचा खाली. इलेक्ट्रॉन तिसऱ्या साइटवर उडी मारतो आणि तिथे सिंगलेट बांधतो. परिणामी तिथला खाली असलेला स्पिन जणू मधल्या साइटवर सरकतो. या हालचालीचं परिमाण टीच्या निम्मं येतं. पण डावीकडून उजवीकडे वाचलं तर क्रम आधीही वर-खाली होता, आताही वर-खालीच आहे. अरुंद बोळातून ओळीने जाणाऱ्या माणसांसारखं हे आहे. सगळे पुढेमागे सरकतात, पण कुणी कुणाला ओलांडत नाही. म्हणून पहिल्या पातळीवर वर-वर, वर-खाली, खाली-वर या सगळ्या रचनांची ऊर्जा अगदी सारखी येते. चुंबकीय निर्णय झालेलाच नसतो.

निर्णय होतो तो पुढच्या पातळीवर. इलेक्ट्रॉन पहिल्या साइटवरून दुसरीवर येतो, तिथे सिंगलेटऐवजी क्षणभर महागड्या ट्रिप्लेटमध्ये राहतो आणि लगेच तिसरीवर जातो. या वाटेने मोकळ्या स्पिनांची अदलाबदल होऊ शकते. याचं परिमाण टीचा वर्ग भागिले जे या मापाचं, म्हणजे लहान. पण त्याचं चिन्ह असं की स्पिन समांतर असले की ऊर्जा कमी होते. सिग्रिस्ट, त्सुनेत्सुगु, उएदा आणि राइस यांनी १९९२ मध्ये हे मोठ्या जेच्या मर्यादेत, निम्म्यापेक्षा कमी भरलेल्या, म्हणजे साइटमागे एकाहून कमी इलेक्ट्रॉन असलेल्या, साखळीसाठी मांडलं. त्याच्या आदल्या वर्षी पहिल्या तिघांनी एकाच इलेक्ट्रॉनासाठी काटेकोर सिद्धता दिली होती: जे अँटीफेरोमॅग्नेटिक असेल तर त्याचं मूल्य कितीही असो, ग्राउंड स्टेटचा एकूण स्पिन साइटच्या संख्येतून एक वजा करून निम्मं केलं की येतो. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. या विषयात बिनशर्त सिद्ध झालेल्या गोष्टी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत, आणि संगणकावरचा प्रत्येक नवा कोड आधी यावर तपासता येतो.

तुमच्या चित्राचा उलगडाही इथेच होतो. पहिल्या पातळीवर सगळ्या स्पिन-रचना सारख्याच ऊर्जेच्या आणि त्यांच्यातला फरक अगदी बारीक, अशी परिस्थिती असली की डीएमआरजी तुम्ही दिलेली सुरुवातीची अवस्था विसरत नाही. बहुतेक कोडमध्ये सुरुवात वर-खाली-वर-खाली अशीच दिलेली असते. ऊर्जा पहिल्या काही स्वीपमध्ये (साखळीवरच्या फेऱ्यांमध्ये) झपाट्याने खाली येते, मग सपाट दिसते, आणि आपल्याला वाटतं की झालं. प्रत्यक्षात इलेक्ट्रॉनांची हालचाल स्थिरावलेली असते, स्पिनांची नाही.

याचा पक्का पुरावाही तुमच्याच आकड्यांत आहे. एस-झेड शून्याच्या भागात, ठरावीक एकूण स्पिन असलेल्या आणि इतर कुणाशी सम-ऊर्जा नसलेल्या अवस्थेत प्रत्येक साइटवरचा एस-झेड नेमका शून्य यायला हवा. एक्स-अक्षाभोवती अर्धा फेरा दिला तर ती अवस्था स्वतःवरच येते आणि एस-झेडचं चिन्ह मात्र पालटतं, म्हणून. तुमच्याकडे वर-खाली असा नमुना उमटतोय, म्हणजे ती अवस्था वेगवेगळ्या एकूण स्पिनांची भेळ आहे. म्हणून एस-झेडचा आलेख बघून कुठल्याही फेजचं नाव लिहू नका. बघायचा तो एकूण स्पिनाचा वर्ग.

तुमच्या साखळीसाठी अपेक्षा स्पष्ट आहे. ४० मधून २० वजा केले, निम्मे केले, एकूण स्पिन १० आला. एस-स्क्वेअरची किंमत १० गुणिले ११, म्हणजे ११० यायला हवी. ३७ किंवा ६२ असं काही आलं तर ती किंमत कुठल्याच शुद्ध स्पिनाची नाही, गणित अर्धवट आहे. दुसरी तपासणी मी स्वतः नेहमी आधी करतो, कारण ती स्वस्त आहे: हेच गणित एस-झेड १० च्या भागात चालवा. तिथे मोकळे स्पिन सगळे वर असतात, गोंधळाला जागा कमी, आणि उत्तर लवकर स्थिरावतं. एकूण स्पिन १० असलेल्या प्रत्येक अवस्थेचं एक भावंड एस-झेड शून्यातही असतं. त्यामुळे शून्याच्या भागातली खरी किमान ऊर्जा दहाच्या भागातल्यापेक्षा जास्त असूच शकत नाही. तुमच्या संगणकाने ती जास्त दाखवली, तर वाद संपला, शून्याच्या भागातलं गणित पोचलेलं नाही. मग एस-झेड ११ चालवून बघा. तिथे एक सिंगलेट मोडावं लागतं, म्हणून ऊर्जा ठळकपणे वर जायला हवी. शून्य ते दहा एकच ऊर्जा आणि अकराला उडी, ही या फेरोमॅग्नेटची सही आहे.

जमत असेल तर एसयू-२, म्हणजे स्पिन कुठल्याही दिशेला फिरवण्याची, सममिती पाळणारा कोड वापरा. त्यात एकूण स्पिन हाच निवडायचा आकडा असतो, भेळ होण्याचा प्रश्नच येत नाही. मॅक्युलॉक आणि गुलाची यांनी ही पद्धत कोंडो साखळीच्याच कामाच्या ओघात पुढे आणली, आणि तिचा उपयोग होऊन २००२ मध्ये त्यांच्या गटाला पॅरामॅग्नेटिक (चुंबकीय क्रम नसलेल्या) समजल्या जाणाऱ्या भागाच्या आत फेरोमॅग्नेटिझमचा आणखी एक पट्टा सापडला. म्हणून जे बदलताना मोठ्या ढांगा टाकू नका, मधलं काहीतरी सुटेल.

दोन गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या गृहीत धरू नका. एक म्हणजे जेची व्याख्या. कुणी इलेक्ट्रॉनचा स्पिन अर्ध्यासकट लिहितात, कुणी पाउली मॅट्रिक्स तशाच ठेवतात. तुमचा तीन आणि पेपरमधला तीन यांत दुपटीचा फरक असू शकतो, आणि सीमारेषेजवळ तेवढ्याने फेज बदलते. एका साइटवरचं सिंगलेट-ट्रिप्लेट अंतर काढून बघा. तुमच्या मांडणीत ते जेइतकं यायला हवं. दुसरी गोष्ट चिन्हाची. जे फेरोमॅग्नेटिक असेल तर यंत्रणा पूर्ण वेगळी होते. तिथे झेनरने १९५१ मध्ये सुचवलेला डबल एक्सचेंज चालतो: शेजारचे स्पिन समांतर असले की इलेक्ट्रॉनला मोकळेपणी फिरता येतं, कोन वाढला की हॉपिंग त्या कोनाच्या निम्म्याच्या कोसाइनने घटतं. मँगनाइटांचं भौतिकशास्त्र याच वाटेने सुरू होतं. तुमच्याच ४० आणि २० च्या साखळीत त्या चिन्हाला पूर्ण ध्रुवीकृत अवस्थेचा स्पिन ३० येतो, १० नाही. दोन्हींना सरसकट फेरोमॅग्नेटिक म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. एकात सिंगलेट न झालेले स्पिन रांगेत येतात, दुसऱ्यात सगळेच येतात.

इथवरचं एका वाक्यात: तापमान असेल तर क्रम नाही, तापमान शून्य असेल तर फेरोमॅग्नेटिक क्रम शक्य, अँटीफेरोमॅग्नेटिक आणि सर्पिल क्रम फक्त हळूहळू विरणाऱ्या सहसंबंधांच्या रूपात, आणि तुमच्या आकड्यांना फेरोमॅग्नेटच अपेक्षित आहे.

आता जे लहान केला तर काय होतं, कारण प्रोजेक्टचा दुसरा भाग बहुधा तोच असेल. इथे बहुतेक जण डोनियाकचं १९७७ चं चित्र डोक्यात घेऊन येतात: जे लहान असेल तर इलेक्ट्रॉनांमार्फत होणारी आरकेकेवाय जोड जिंकते आणि क्रम येतो, जे मोठा असेल तर कोंडो सिंगलेट जिंकतात आणि चुंबकत्व मावळतं. निम्म्यापेक्षा कमी भरलेल्या एकमितीय साखळीत हे जवळजवळ उलटं आहे. मोठ्या जेला फेरोमॅग्नेट आणि लहान जेला पॅरामॅग्नेट. कारण सरळ आहे. इलेक्ट्रॉन स्पिनांपेक्षा कमी आहेत, त्यामुळे सिंगलेट कितीही घट्ट बांधलीत तरी काही स्पिन उरतातच, आणि त्यांना फेरोमॅग्नेटिक रांगेत येण्यावाचून गत्यंतर नसतं. आरकेकेवाय जोड मात्र लहान जेला सर्पिल रचना मागते, आणि सर्पिल क्रम एका मितीत टिकत नाही. हा उलटा नकाशा प्रेझेंटेशनमध्ये आवर्जून दाखवा. परीक्षक डोनियाकवरून प्रश्न विचारणारच.

त्या सर्पिल सहसंबंधाची तरंगसंख्या किती, यावर या विषयातला सगळ्यात रंगलेला वाद आहे. फक्त फिरते इलेक्ट्रॉन मोजले तर फर्मी तरंगसंख्येची दुप्पट म्हणजे पाय (π) गुणिले भरणप्रमाण (साइटमागे किती इलेक्ट्रॉन). स्थानबद्ध स्पिनही इलेक्ट्रॉन म्हणून मोजले तर त्यात आणखी एक पाय मिळवायचा. यामानाका, ओशिकावा आणि ॲफ्लेक यांनी १९९७ मध्ये दाखवलं की या दुसऱ्या, मोठ्या मोजणीशी जुळणाऱ्या तरंगसंख्येला कमी ऊर्जेची उत्तेजना असलीच पाहिजे. शिबाता आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्येच डीएमआरजीने, साखळीच्या टोकांमुळे उठणाऱ्या लहरी मोजून मोठ्या मोजणीच्या बाजूने पुरावा दिला होता.

आणि इथेच तुमच्या २० इलेक्ट्रॉनांची अडचण आहे. भरण अर्धा, म्हणजे साइटमागे अर्धा इलेक्ट्रॉन, असेल तर लहान मोजणी देते अर्धा पाय आणि मोठी देते दीड पाय. साखळीत दोन पायचा फरक म्हणजे काहीच नाही, त्यामुळे दीड पाय म्हणजे उणे अर्धा पाय, आणि आलेखात दोन्ही शिखरं एकाच जागी येतात. या भरणाला तुम्ही कितीही काळजीने मोजलंत तरी फर्मी पृष्ठ लहान की मोठं, म्हणजे दोनपैकी कुठली मोजणी खरी, हे कळणार नाही. वर याच भरणाला २००३ मध्ये स्पिनांच्या जोड्या पडून डायमर क्रम येतो असा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि त्यात मोकळ्या टोकांचा वाटा किती यावर पुढे प्रश्न उपस्थित झाले. पहिल्याच प्रोजेक्टला त्या चिखलात उतरू नका.

पूर्ण निम्म्या भरणाचा, म्हणजे साइटमागे एक इलेक्ट्रॉन असलेला भाग सोपा आहे आणि लवकर उरकतो. अँटीफेरोमॅग्नेटिक जे कितीही लहान असो, तिथे स्पिन गॅप (स्पिन उत्तेजित करायला लागणारी किमान ऊर्जा) असतो आणि सहसंबंध घातांकी वेगाने विरतात. मोठ्या जेला स्पिन गॅप जेच्या जवळ आणि चार्ज गॅप (इलेक्ट्रॉन हलवायला लागणारी तशीच ऊर्जा) त्याच्या दीडपट जातो. फक्त लहान जेला स्पिन गॅप घातांकी वेगाने लहान होतो, आणि मग ४० साइटची साखळी त्याला पुरत नाही. आलेख बघून गॅप नाही असा निष्कर्ष काढू नका. जेचं चिन्ह उलटं केलंत तर मोठ्या मूल्याला प्रत्येक साइटवर स्पिन-१ तयार होतो आणि स्पिन-१ ची, म्हणजे हाल्डेनची, साखळी मिळते. तिचाही गॅप प्रसिद्ध आहे.

शेवटी तुम्ही जाता जाता विचारलेला प्रश्न: हे प्रत्यक्षात कुठे दिसतं? काटेकोर एकमितीय कोंडो साखळी निसर्गात नाही, पण जवळची काही उदाहरणं आहेत. यिटर्बियम, निकेल आणि फॉस्फरसच्या एक-चार-दोन संयुगात यिटर्बियमचे अणू साखळ्यांनी मांडलेले आहेत. २०११ मध्ये त्यात अवघ्या ०.१७ केल्विनला फेरोमॅग्नेटिझम नोंदवला गेला. सिरियम, ऱ्होडियम आणि जर्मेनियमच्या एक-सहा-चार संयुगात तो २.५ केल्विनला येतो, आणि सुमारे ०.८ गिगापास्कल दाबाने शून्यापर्यंत ढकलता येतो, हे २०२० मध्ये दाखवलं गेलं. या तापमानांचा मर्मिन-वॅग्नरशी झगडा नाही. साखळ्यांमधली बारीक जोड आणि दिशांमधला असमानपणा मिळून क्रम उभा करतात. तिसरं उदाहरण अगदी वेगळं आहे. गॅलियम आर्सेनाइडच्या क्वांटम तारेत अणुकेंद्रांचे स्पिन स्थानबद्ध असतात आणि इलेक्ट्रॉन त्यांच्यामधून धावतात. बाझेलच्या गटाने २०१४ मध्ये अशा तारेची वाहकता थंड करताना दोन एककांवरून एका एककावर (एकक म्हणजे इलेक्ट्रॉनच्या प्रभाराचा वर्ग भागिले प्लांकचा स्थिरांक) उतरताना पाहिली, साधारण ०.१ केल्विनच्या खाली ती स्थिरावली, आणि सर्पिल अणुकेंद्री क्रमाचा हा संभाव्य पुरावा आहे असं मांडलं. तारेची लांबी सहसंबंधाच्या लांबीपेक्षा कमी असेल तर तेवढ्यापुरता क्रम दिसायला प्रमेयाची हरकत नसते.

पुढच्या आठवड्यात दोनच गोष्टी करा. ४० साइट, २० इलेक्ट्रॉन, जे तिप्पट हेच ठेवून एस-झेड ०, १० आणि ११ यांच्या ऊर्जा आणि शून्याच्या भागातला एस-स्क्वेअर काढा. मग इलेक्ट्रॉन २४ करा. भरण ०.६ झालं की लहान मोजणीचं शिखर ०.६ पायवर आणि मोठ्याचं १.६ म्हणजे ०.४ पायवर पडतं. ४० साइटला तरंगसंख्येची बारकाई ०.०५ पाय असते, त्यामुळे ही दोन शिखरं नीट वेगळी ओळखता येतील. जे टीच्या निम्म्यापासून सुरू करा, बारीक पायऱ्यांनी वाढवा, आणि स्थानबद्ध स्पिनांच्या स्ट्रक्चर फॅक्टरचे (कुठल्या तरंगसंख्येला सहसंबंध किती ते दाखवणाऱ्या राशीचे) आलेख इथे टाका. ०.४ पायच्या जागी काय दिसतं ते बघायची मलाही उत्सुकता आहे.